डोळे मिटणारी गाडी

इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात हे बाबांना कळलं, आणि माझ्या गाडीखरेदीचा कारभार माझ्या हातातून गेला.

"मीठ? गाड्या जातात त्या रस्त्यावर?"

"बर्फ धरू नये म्हणून, बाबा."

"लोणचं घालतात की काय रे गाड्यांचं?"

बाबा एस.टी.च्या चिपळूण डेपोत ३४ वर्षं मेकॅनिक होते. पत्रा कुठून सडतो हे त्यांना पत्र्याच्या आधी कळतं. मी राहतो रेडिंगला, आणि मला घ्यायची होती जुनी माझदा एमएक्स-५. दोन सीटं, उघडं छप्पर, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. गाडी घ्यायची हे ठरलं होतं. मार्क १ की मार्क २, एवढंच ठरत नव्हतं, आणि ते सात महिने ठरत नव्हतं.

ज्यांना हा रोग नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्क १ म्हणजे फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेली मूळ गाडी. १९९७ पर्यंत ती निघाली. तिच्या दिव्यांना पापण्या आहेत: एरवी बॉनेटमध्ये मिटून झोपलेले, बटण दाबलं की पावसाळी बेडकासारखे टपकन वर. मार्क २ आली १९९८ मध्ये आणि २००५ पर्यंत चालली. हिचे दिवे चारचौघींसारखे, कायम उघडे.

शहाण्या माणसानं मार्क २ घ्यावी. तिची मागची काच ही काच आहे आणि वाफ घालवायला तीत तारा आहेत. मार्क १ ला मागे प्लॅस्टिक. छप्पर खाली घेण्याआधी त्याची चेन उघडून ते आडवं निजवायचं, नाहीतर घडी पडते आणि मग आरशातलं जग मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं. मार्क १ ची स्टेपनी डिकीतच ठाण मांडून बसते, मार्क २ मध्ये ती तळाखाली गेली. मी हे सगळं एका तक्त्यात मांडलं. बायकोनं तो चहा पिता पिता वाचला.

"मार्क २ च्या बाजूनं अकरा कारणं आहेत," ती म्हणाली.

"हो."

"मार्क १ च्या बाजूनं एकच, आणि ते डोळे मिचकावतं."

मी तिला जिन्बा इत्ताई हे जपानी सूत्र सांगितलं. ही गाडी घडवणाऱ्या चमूचे प्रमुख तोशिहिको हिराई. त्यांचं सूत्र असं की स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत. बायको म्हणाली, आपल्या घरात आजवर एकजीव फक्त पिठलं झालंय, तेही माझ्या हातचं.

आई मात्र मूळ मुद्द्यावर होती. "दोनच सीटं? मग आम्ही आलो की तुझे बाबा कुठे बसायचे?" स्वतःची जागा तिनं धरली होती.

पहिली पाहिली ती मार्क २, बोर्नमथजवळ. समुद्र हाकेच्या अंतरावर. बाबांनी व्हॉट्सॲपवरून हजेरी लावली आणि पहिला हुकूम सोडला: "चुंबक आण." घरून निघताना फ्रिजवरचं गणपतीपुळ्याचं चुंबक खिशात टाकायला त्यांनीच सांगितलं होतं. मालक सत्तरीचे, सभ्य गृहस्थ. त्यांच्यासमोर मी चिखलात गुडघे टेकले आणि मागच्या चाकाच्या पुढे, दरवाज्याखालच्या पट्टीला बाप्पाला लावलं.

बाप्पा खाली पडले.

"वर लाव जरा." वर चिकटले. "आता परत खाली." परत पडले. आत पत्रा उरलेलाच नव्हता, सुबक पुट्टी होती, वरून छान रंग.

"डावा कौल," बाबा म्हणाले. "निघ तिथून."

पण मी अकरा कारणं घेऊन आलो होतो. मी पुढच्या बाजूनं आत डोकावलो. मार्क २ चं एक दुखणं इथले सगळे मेकॅनिक जाणतात: पुढचे चॅसिस रेल, इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, थरावर थर असलेले आणि आतून कुजणारे. इथं त्यांच्यावर ताजं काळंभोर अंडरसील, म्हणजे गंज धरू नये म्हणूनचा लेप, फासलं होतं. मी अंगठ्यानं दाबलं. कुरकुरलं. भाजणीची चकली उत्तम जमली की होतो अगदी तोच आवाज. तो चिपळूणपर्यंत गेला.

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. म्हणजे नवी गाडी जुनीपेक्षा जास्त सडते. माझ्या तक्त्यात ह्याला रकानाच नव्हता.

मालकांनी चहा विचारला. मी चहा घेतला. एवढं करून तसंच निघणं मला जमलं नाही, आणि त्या चहाच्या भरात मी "विचार करून कळवतो" असंही म्हणालो. ते अजून वाट बघत असतील.

मार्क १ होती स्विंडनच्या पलीकडे एका गावात. लाल. १६०० सीसी. बाबांनी आधी बॉनेट उघडायला लावलं, कारण अगदी सुरुवातीच्या गाड्यांच्या क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, नाक आखूड असतं आणि ते पुढे दगा देतं. ओळखायची खूण म्हणजे क्रँकच्या पुलीवरच्या खाचा. चार असल्या तर आखूड, आठ असल्या तर लांब. मी त्यांना हे एकदाच सांगितलं होतं. आता ते मलाच शिकवत होते.

"मोज."

"आठ."

"बोट लावून मोज."

आठच भरल्या. मग पाण्याची बाटली. छपरावरचं पाणी सीटांमागच्या दोन भोकांतून खाली जातं. तिथं पाचोळा अडकला की ते बाजूच्या पट्टीत शिरून तिला आतून खातं. बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घराच्या पन्हळीत दरवर्षी फणसाची पानं अडकतात आणि दरवर्षी मागली भिंत ओली होते. डाव्या भोकात ओतलं, पाणी खाली आलं. उजव्यात ओतलं, थांबलं, गुळगुळलं, आणि त्यातून एक पान, थोडी माती आणि अर्धी पेन्सिल बाहेर पडली. चुंबक दोन्हीकडे चिकटलं, उजवीकडे किंचित नाखुशीनं.

"बरी आहे," बाबा म्हणाले. एस.टी.त ह्याला उत्कृष्ट म्हणतात. "पण प्लॅस्टिकची काच, गळकं छप्पर, तीस वर्षांचं वायरिंग. तू ती दुसऱ्या प्रकारची बघ एखादी, न सडलेली. डोकं ठिकाणावर ठेवून घे."

तेवढ्यात मालकीणबाईंनी आपणहून बटण दाबलं. दिवे वर आले.

फोनमध्ये शांतता. मला वाटलं रेंज गेली.

"परत कर," बाबा म्हणाले.

दिवे मिटले, उघडले.

"अगं ए, इकडे ये, हे बघ." आई आली. दिवे मिटले, उघडले. आई म्हणाली, "अगोबाई." मालकीणबाईंना मराठी येत नव्हतं, पण गिऱ्हाईक गळाला लागलेलं त्यांना बरोबर कळलं. त्यांनी किमतीतले शंभर पौंडसुद्धा सोडले नाहीत.

आता दर रविवारी फोन आला की माझी तब्येत विचारण्याआधी "डोळे उघड तिचे" असं होतं. मागल्या रविवारी पाऊस होता. मी बटण दाबलं. उजवा उघडला, डावा नाही. गाडी मिस्कीलपणे मला डोळा मारत उभी.

"मोटर गेली. बॉनेट उघड," बाबांचा आवाज एकदम पंचवीस वर्षांनी तरुण. "मोटरवर रबरी टोपी असेल, खाली गोल मूठ. फिरव हातानं."

त्यांना हे कुठून माहीत, मी विचारलं नाही. एका हातात फोन, मानेवरून पाणी, दुसऱ्या हातानं मी मूठ फिरवू लागलो. दिवा केसभर हलला.

"मोठ्यानं मोज," चिपळूणहून आवाज आला. "एक..."