बायकांचा स्नोसूट आणि कंबरेचे कौतुक
हिवाळा आला की तोच वैताग: बायकांच्या स्नोसूटच्या (बर्फात घालायच्या अंगभर, एकसंध सूटच्या) वर्णनात कंबर किती बारीक दिसेल हे ठळक अक्षरांत असते, पण शिवणींवर पाणीरोधक पट्टी आहे का, गुडघ्यांवर आणि बैठकीवर जाड कापड आहे का, हे शोधताना डोळे शिणतात. आत पिसे भरलेली असतील तर ती भिजल्यावर ऊब जवळजवळ संपते, आणि कापडाची पाणीरोधकता १०,००० मिमीच्या आसपास नसेल (म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब पाणी आत न सोडता सोसत नसेल) तर ओल्या बर्फात बसायचे कसे? त्यातच अंगाला घट्ट बसणाऱ्या शिवणीमुळे आत लोकरीचा थर घालायला जागाच उरत नाही. लघवीसाठी मागे चेन द्यावी, हेही कित्येक सूट बनवणाऱ्यांना सुचत नाही. उणे तापमानात अख्खा सूट खांद्यावरून उतरवून दाखवावा त्यांनी एकदा!