सायकल टाइम निम्मा करा, माल जागचा न हलवता

सायकल टाइम म्हणजे ऑर्डर आल्यापासून माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतचा वेळ. तो मोजणारं घड्याळ कधी सुरू करायचं ते आधी ठरवा. ग्राहकाची ऑर्डर मेलवर आली तेव्हा? छे! मेल कुणी उघडून, दर आणि क्रेडिट तपासून सिस्टीममध्ये एंट्री होईपर्यंत तीन दिवस जातात. ते कशाला अंगावर घ्यायचे? एंट्रीपासून मोजा आणि गेट पास निघाला की थांबा. माल पुढे ट्रान्सपोर्टरच्या गोदामात दोन दिवस पडला, तर ते त्याचं त्यानं बघावं.

मध्येच काही अडलं तर ऑर्डर 'होल्ड'वर टाका. होल्डवर घड्याळ चालत नाही, हा नियम तुमचाच. फारच जुनी ऑर्डर रद्द करून नव्या नंबरानं टाका, ती पुन्हा तान्ही होते. आणि हिशेबात पूर्ण झालेल्याच ऑर्डरी धरा. चाळीस दिवस रखडलेली ऑर्डर जोवर पूर्ण होत नाही, तोवर तिला सायकल टाइमच नाही!

अहवालात सरासरी द्या, फक्त सरासरी. नऊ ऑर्डरी 3 दिवसांत गेल्या, दहावी 33 दिवसांनी, सरासरी 6. सहाव्या दिवशी माल एकालाही मिळाला नाही, पण स्लाइडवर 6 शोभतो. चढउताराचं विचारणाऱ्याला पुढच्या मीटिंगला बोलावू नका. रोजची ठरलेली मागणी 100 नग आणि पुरवठ्याच्या दिवसांचं प्रमाण विचलन (सरासरीपासूनच्या चढउताराचं माप) 4 दिवस असेल, तर 95 टक्के वेळा माल पुरावा म्हणून सुमारे 660 नग जादा ठेवावे लागतात. ठेवू देत की, स्टोअर्सवाल्यांना!

सुधारणा दाखवायचीच असेल तर मशीनवर स्टॉपवॉच लावा. 40 मिनिटांचं काम 36 वर आणा, फोटो काढा. तोच नग लॉट (एकदम पुढे सरकणारा नगांचा गठ्ठा) भरण्याची, तपासणीची आणि एका सहीची वाट बघत नऊ दिवस रांगेत होता, पण रांगेला कुणी स्टॉपवॉच लावतं का? 500 चा लॉट 100 वर आणला तर रांग आटेल खरी. मात्र सेटअप, म्हणजे नव्या लॉटसाठी मशीन जुळवणं, पाचपट होतील, मग आधी सेटअपचा वेळ कमी करत बसा. नकोच ते.

धोका एकच: लिटलचा नियम. जॉन लिटलनं तो 1961 मध्ये सिद्ध करून ठेवलाय आणि त्याला नुसता भागाकार पुरतो. अडकलेल्या ऑर्डरी 600, रोज बाहेर पडतात 50, म्हणजे एका ऑर्डरीला सरासरी 12 दिवस. तुमच्या स्लाइडवर 4. तेव्हा प्रलंबित ऑर्डरींचा रकाना आजच अहवालातून उडवा, आणि पाहुण्यांना शॉप फ्लोअरऐवजी थेट कॉन्फरन्स रूममध्ये न्या.