गच्चीवरची पहिली वीस मिनिटं

‘एवढ्या अफाट विश्वात आपण केवढेसे, मग आपली दुःखं ती केवढी!’ आकाशदर्शनाचा विषय निघाला की हे वाक्य हटकून येतं. मला ते कधीच पटलं नाही. देवयानी दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा समूह) 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे म्हणून कुणाचा गृहकर्जाचा हप्ता कमी होत नाही, की घरातलं आजारपण हलकं होत नाही.

आकाशाखाली मन निवतं, हे मात्र खरं. त्याचं बरंचसं श्रेय डोळ्यांना जातं. उजेडातून अंधारात आलं की बाहुली काही सेकंदांत मोठी होते. पण दृष्टिपटलावरच्या दंडपेशींमधलं (अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशींमधलं) ऱ्होडॉप्सिन हे उजेड टिपणारं द्रव्य उजेडात विरलेलं असतं आणि ते पुन्हा साठायला 20 ते 30 मिनिटं लागतात. तेवढा वेळ काहीही न करता पडून राहणं भाग असतं. एरवी ‘डोळे मिटून शांत बसा’ म्हटलं की मन चौफेर उधळतं. इथं त्याला काम असतं: मघाशी जिथं चार तारे होते तिथं आता नऊ कसे? पहिली दहा मिनिटं चुळबुळ होतेच, होऊ द्या. आणि ‘फक्त किती वाजले ते बघतो’ म्हणून मोबाइल उघडलात, तर जवळजवळ सगळं पहिल्यापासून. टॉर्च लागणारच असेल तर तिच्यावर लाल जिलेटिन पेपरच्या दोन-तीन घड्या रबरबँडनं बसवा. दंडपेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही. तारे ओळखायच्या अॅपचा लाल नाइट मोडसुद्धा ब्राइटनेस अगदी कमी केल्याशिवाय वापरू नका.

उभं राहून मान वर करून बघणारा माणूस पाच मिनिटांत खाली उतरतो. सतरंजी घाला, पाय दक्षिणेकडे करून आडवे व्हा. म्हणजे डावीकडे पूर्व. गच्चीवर समोरच्या इमारतीचा हॅलोजन डोळ्यांत येत असेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला सरका. सगळ्या आकाशापेक्षा अंधारातला अर्धा तुकडा बरा. थंडीत कानटोपी हवीच आणि अंगावर चादर, कारण दव पडतं. द्विनेत्रीच्या (बायनॉक्युलरच्या) भिंगावर दव आलं तर पुसू नका, ओरखडे पडतात. झाकण लावून थोडा वेळ उबेला ठेवा.

पुण्यातून जानेवारीअखेर, रात्री नऊच्या सुमारास रोहिणीचा तारा जवळपास डोक्यावर असतो आणि मृग नक्षत्र दक्षिणेला उंच. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे शहरातूनही सुटत नाहीत. त्यांची रेघ खाली डावीकडे नेली की व्याध, वर उजवीकडे नेली की रोहिणी. पहिल्या दिवशी एवढंच पुरे. साडेदहाच्या आसपास दक्षिण क्षितिजावर, हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की जेवढी उंची होते, तिथं अगस्त्याचा तारा दिसेल. पुण्यातून ध्रुव उत्तरेला जेवढा वर, तेवढाच साधारण हा दक्षिणेला. शेजारच्या सोसायटीनं बहुधा दोन्ही झाकलेले असतात, ते सोडा.

आता दुःखाकडे बघण्याच्या अंतराबद्दल. लाखो प्रकाशवर्षांचे आकडे मनाला भिडत नाहीत, लहान आकडे भिडतात. व्याधाचा आत्ता डोळ्यांत शिरलेला उजेड 8.6 वर्षांपूर्वी निघालाय. त्या वेळी रात्रीची झोप कशानं उडाली होती, आठवून बघा. बहुतेकांना आठवत नाही. ब्रह्महृदय या ताऱ्याचा उजेड 43 वर्षांपूर्वीचा, रोहिणीचा 65, मघेचा 79. घरातल्या आजोबांना रोहिणी दाखवा आणि गप्प बसा. पुढचं ते बोलतील. अगस्त्याचा उजेड सुमारे 310 वर्षांचा, म्हणजे तो निघाला तेव्हा शनिवारवाड्याचा पायाही घातला नव्हता (तो 1730 चा).

दुर्बीण मात्र एवढ्यात घेऊ नका. लटपटत्या स्टँडवरच्या स्वस्त दुर्बिणीइतकी चिडचिड दुसरं काही देत नाही, आणि आपण निघालो होतो शांततेसाठी! 7×50 किंवा 10×50 द्विनेत्री (म्हणजे 7 किंवा 10 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची) पुष्कळ झाली. 10×50 हातात थरथरते, म्हणून कोपर कठड्यावर टेकवायचे. कृत्तिकांचा तारकापुंज आणि मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा चमकता ढग) तिच्यातून बघा.

शहराबाहेर जायचं तर अमावास्येच्या आसपास, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वेल्ह्याच्या बाजूला गेलात तर पुण्याचा उजेड ईशान्येला राहतो आणि दक्षिण आकाश काळं मिळतं. जुन्नरकडून उलटं, तोच उजेड दक्षिणेला येतो. एकट्यानं जाऊ नका. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था 1944 पासून पुण्यात लोकांना आकाश दाखवायचं काम करतेय, जाणकारांबरोबर शिकणं सोपं जातं.

तरी माझा कौल गच्चीलाच. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. एकाच जागेवरून आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी बघितलं की मृग टाकीवरून पश्चिमेकडे सरकताना कळतो. वर्षातून एकदा सहलीला जाऊन हे कळणार नाही. काही जणांना त्या अथांगपणाची भीतीही वाटते. त्यांनी ओळखीच्या दोन ताऱ्यांवरच थांबावं. आणि झोप, भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर आधी डॉक्टर, मग व्याध.

गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा. रात्री साडेदहाला अंधारात आडवा पडलेला माणूस बघून वॉचमन टॉर्च मारतोच, आणि ती लाल नसते.