'पोस्टर्न ऑफ फेट' आवडलं नाही, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की रहस्यकथा लिहिणाऱ्या ॲगाथा ख्रिस्तीने सगळ्यात शेवटी लिहिलेली कादंबरी म्हणून 'पोस्टर्न ऑफ फेट' मोठ्या हौसेने नेलीत, निम्मं पुस्तक संपलं तरी गोष्ट पुढे सरकेना, आणि असली पुस्तकं ठेवून आम्ही नुसत्या नावावर गिऱ्हाईक ओढतो. पुस्तकाबद्दल तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. आमच्याबद्दलचं पटत नाही.

पुस्तक फसलंय, आणि सुरुवात झकास असल्यामुळे ते जास्तच लागतं. उतारवयात नव्या घरात आलेले टॉमी आणि टपेन्स, ख्रिस्तीची रहस्यं उलगडणारी नवरा-बायकोची जोडी. घरासोबत मिळालेली जुनी पुस्तकं लावताना टपेन्सच्या हाती स्टीव्हन्सनचं 'द ब्लॅक ॲरो' येतं. त्यातल्या सुट्या सुट्या अक्षरांखाली कुणीतरी लाल शाईने रेघा मारल्यात. ती अक्षरं ओळीने लावली की निघतं: मेरी जॉर्डनला नैसर्गिक मरण आलं नाही. इतका सुंदर धागा हातात देऊन पुढे मात्र नुसत्या गप्पा! तेच ते पुन्हा नव्या माणसाच्या तोंडून, आणि उलगडा कधी येऊन गेला ते कळतही नाही.

1973 साली हे पुस्तक आलं तेव्हा बाई 83 वर्षांच्या होत्या. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये त्यांच्या कादंबऱ्यांमधला शब्दसंग्रह तपासला, तर शेवटच्या काही पुस्तकांत तो आटलेला आणि पुनरुक्ती, मोघम शब्द वाढलेले दिसले. स्मृतिभ्रंशाची शंका त्यातूनच पुढे आली. हे कळल्यापासून मला या पुस्तकाचा राग येत नाही, वाईट वाटतं.

तरीही ते शेल्फवरून काढणार नाही. ख्रिस्तीचा प्रसिद्ध डिटेक्टिव्ह पॉयरो वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही, पण टॉमी-टपेन्स 1922 च्या पहिल्या पुस्तकात तरुण आहेत आणि लेखिकेबरोबर म्हातारे होत गेलेत. ज्यांनी या जोडीची आधीची पुस्तकं वाचलीत, त्यांना ही शेवटची भेट हवी असते. रहस्य जमलंय का, हा त्यांच्यासाठी नंतरचा प्रश्न.

तुम्हाला हवा होता तो निरोप 'कर्टन'मध्ये आहे. छापून आलं 1975 मध्ये, पण लिहिलंय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बाई ऐन भरात असताना. तीस-एक वर्षं जपून ठेवलेलं हस्तलिखित! संधिवाताने जखडलेला पॉयरो चाकाच्या खुर्चीत, सोबत त्याचा जुना मित्र हेस्टिंग्ज, आणि जागा तीच, त्याच्या पहिल्या पुस्तकातलं स्टाइल्स हे घर. पुढचं सांगत नाही. वाचाच.

तुमची प्रत घेऊन या आणि 'कर्टन' घेऊन जा, वरचे पैसे द्यायचे नाहीत. फक्त 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' वाचलेलं नसेल तर आधी ते संपवा, तेही दुकानात आहे. मंगळवारी आम्ही बंद असतो.