"आपला मतदार भावनेत वाहून जातो" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

सध्या परत तोच फॉरवर्ड फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर दोनदा येऊन गेला. म्हणणं थोडक्यात असं की आपला मतदार डोक्याने नाही तर भावनेवर मत देतो, पावसात भिजलेला नेता दिसला की विरघळतो, कोणी गेलं की सहानुभूतीची लाट येते, म्हणून मताचा हक्क फक्त शिकलेल्यांनाच द्यावा. आणि त्यावर आपलीच माणसं अंगठे देतायत. मला हे वाचून खरंच लागलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"साताऱ्याने पाऊस बघून मत दिलं."

शरद पवारांची १८ ऑक्टोबर २०१९ ची ती भर पावसातली सभा सगळ्यांना आठवते, पण त्याआधीचं कोणी सांगत नाही. उदयनराजे त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रवादीकडून निवडून आले आणि चार महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, म्हणजे ज्यांनी मत दिलं त्यांनाच परत रांगेत उभं केलं. राग तिथला होता. आणि पवार त्या पावसात बोलले काय, तर लोकसभेला उमेदवार निवडताना माझी चूक झाली, ती आता तुम्ही दुरुस्त करा. पाऊस नसता तरी ते वाक्य लोकांना पटलंच असतं असं मला वाटतं. त्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील उदयनराजेंना हरवून ८७ हजारांवर मतांनी आले. पुढचं मात्र फॉरवर्डमध्ये नाही: २०२४ ला याच साताऱ्याने उदयनराजेंना भाजपच्याच चिन्हावर दिल्लीला पाठवलं. नुसतं वाहून जाणारे लोक असं वेळ आणि माणूस बघून मत फिरवतात का?

"सहानुभूतीची लाट आली की लोक आंधळे होतात."

सगळ्यात मोठी लाट १९८४ ची, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची. डिसेंबरमध्ये कर्नाटकातल्या २८ पैकी २४ जागा काँग्रेसला गेल्या. तिथे राज्यात सरकार होतं रामकृष्ण हेगड्यांचं, जनता पक्षाचं, त्यांनी राजीनामा दिला आणि विधानसभेची निवडणूक लावली. मार्च १९८५ मध्ये त्याच लोकांनी त्याच जनता पक्षाला २२४ पैकी १३९ जागा दिल्या. मध्ये फक्त तीन महिने! दिल्लीसाठी एक, बंगळूरसाठी दुसरं, आणि दोन्हीकडे मन लावून. आपल्याकडे बारामतीत २०२४ ला तेच झालं, लोकसभेला ताई (सुप्रिया सुळे) आणि विधानसभेला दादा (अजित पवार), हे लोक पारावर उघड बोलत होते आणि तसंच करून दाखवलं.

"भावना आली की विचार संपतो."

हा मुद्दा मुळातच चुकीचा आहे आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

माझे मामा निफाड तालुक्यात कांदा करतात. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा त्यांचा लाल कांदा निघालेला होता. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवता येतो, लाल टिकत नाही, मिळेल त्या भावात विकावाच लागतो. बंदी आली आणि भाव धाडकन उतरले. मामांनी त्या दिवसाची हिशोबपट्टी, म्हणजे कांदा विकल्याची पावती, शर्टाच्या खिशात घडी करून ठेवली होती, विषय निघाला की काढून दाखवायचे, घडीवर कागद फाटायला आला होता. ४ मे २०२४ ला बंदी उठली, निफाड ज्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतं तिथे मतदान २० मे ला, पण तोवर मामांकडे लाल कांद्याचं एक पोतंसुद्धा उरलं नव्हतं. मतदानाला गेले ते रागातच. मग तो राग म्हणजे भावना की हिशोब? माझ्या मते ती पट्टीच रागाच्या रूपाने त्यांच्यासोबत बूथपर्यंत गेली. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री हरल्या त्या उगाच नाही.

मेंदूचे डॉक्टर अँटोनियो दमासिओ यांनी अशा पेशंटबद्दल लिहिलंय ज्यांची बुद्धी शाबूत होती पण मेंदूच्या पुढच्या भागाला इजा होऊन भावना बोथट झाली होती. त्यातल्या एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या तर तो जवळजवळ अर्धा तास फायदे-तोटेच मांडत बसला, ठरेचना. म्हणजे निवड करायलासुद्धा भावना लागते.

हो, भावना भडकवतातही, निवडणुकीच्या तोंडावर अफवा उठवून द्वेष पेरला जातो हे मी नाकारत नाही. पण तिथे पेरणाऱ्याला धरा ना, सगळ्या मतदारांना मूर्ख ठरवून काय मिळतं?

"शिकलेला माणूस वाहवत नाही."

अमेरिकेत डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे तपासलं. आकड्यांचं एक कोष्टक, एकांना सांगितलं हे त्वचेच्या क्रीमचं आहे, दुसऱ्यांना सांगितलं बंदूकबंदीचं आहे. क्रीमवर गणितात हुशार असलेल्यांनी बरोबर उत्तरं दिली. बंदुकीवर मात्र तेच हुशार लोक आपापल्या पक्षाकडे जास्त झुकले, कच्च्या गणितवाल्यांपेक्षाही जास्त. हुशारी वापरली ती आपलंच खरं करायला. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर डिग्रीवाले काय काय पाठवतात ते आठवून बघा.

"म्हणून मत शिकलेल्यांनाच."

१९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि त्याच लोकांनी पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडली. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढाला मत द्या असं मांडलं होतं, शिक्षण आणि मालमत्तेची अट घातली की कोण बाहेर राहतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. माझे मामा सातवी शिकलेत. या फॉरवर्डप्रमाणे त्यांचं मत जाईल आणि कांदा देशाबाहेर जाऊ द्यायचा की नाही हे ठरवणारं सरकार आम्ही ग्रुपवाले निवडू, ज्यांनी तो कागद कधी हातातसुद्धा घेतला नाही.