‘कुड म्हणजे शकला’ सांगणारा तक्ता

इंग्रजी व्याकरणाचा एक तक्ता पालकांच्या आणि स्पर्धा परीक्षावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखा फिरत असतो. डावीकडे मोडल क्रियापद (मुख्य क्रियापदाला क्षमता, सक्ती, परवानगी असा अर्थ जोडणारं सहायक क्रियापद), उजवीकडे त्याचा एकच मराठी अर्थ: कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकला, मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. खाली चार नियम, आणि एवढं पाठ केलं की मोडल्सचा विषय संपला अशी हमी. करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हे घोकून मार्कही जातात आणि बोलताना घोटाळेही होतात. म्हणून एकेक दावा तपासू.

‘कॅनचा भूतकाळ कुड, विलचा वुड, मेचा माइट.’

अर्धंच खरं. लहानपणी पोहता यायचं, हे सांगायला ‘आय कुड स्विम’ बरोबर आहे, कारण ती अंगात मुरलेली क्षमता. पण ‘काल गाडी बंद पडली, तरी मी वेळेवर पोचू शकलो’ हे कसं म्हणायचं? तक्त्याप्रमाणे ‘आय कुड रीच ऑन टाइम’. मराठी माणूस हमखास घसरतो तो इथे. एखाद्या प्रसंगी एकदाच साधलेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लागतं. नुसतं ‘कुड रीच’ ऐकून समोरच्याला कळत नाही, की हा खरंच पोचला की पोचता आलं असतं म्हणतोय. गंमत म्हणजे नकारात ही अट गळून पडते. ‘आय कुडन्ट रीच ऑन टाइम’ अगदी शुद्ध. दिसणं-ऐकू येणं यांनाही सूट आहे: ‘आय कुड हिअर द ट्रेन.’

आणि ‘इट कुड रेन टुनाइट’ याचं काय करायचं? रात्र अजून व्हायची आहे, मग भूतकाळ आला कुठून? ‘कुड यू ओपन द विंडो?’ मध्येही खिडकी आत्ताच उघडायची आहे. कुड, वुड, माइट ही रूपं काळाइतकंच बोलणाऱ्याने राखलेलं अंतर दाखवतात: विनंतीत अदब, अंदाजात कमी खात्री, वुडमध्ये बऱ्याचदा जर-तर. आपल्या ऑफिसच्या मेलमधलं ‘आय वुड बी कमिंग टुमारो’ लिहिणाऱ्याला नम्र वाटतं. लंडनमध्ये वाचणारा मात्र पुढच्या ‘पण’ची वाट बघत बसतो. येणार हे पक्कं असेल तर सरळ ‘विल’ लिहावं.

‘आय आणि वीबरोबर शॅल, बाकी सगळ्यांबरोबर विल.’

हा नियम इंग्रज गणिती जॉन वॉलिसच्या 1653 मधल्या व्याकरणात सापडतो. (अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह रूढ करणारा तो हाच.) त्याने व्याकरण लिहिलं लॅटिनमध्ये, आणि त्यातच पुढे सांगितलं, की दुसऱ्या-तिसऱ्या पुरुषात शॅल आलं तर ते वचन किंवा धमकी. तक्त्याने हा भाग गाळूनच टाकला. आज बोलताना ‘आय विल’च चालतं, शॅल उरलंय ते मुख्यतः ‘शॅल वी गो?’ सारख्या विचारण्यात आणि कायद्यात.

कायद्यात मात्र त्याचं वजन फार. राज्यघटनेचं 74 वं कलम बघा. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने त्यात घातलं, की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागतील. इंग्रजी मसुद्यात तिथे ‘शॅल’ आहे, म्हणजे बंधन. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने जोड दिली, की सल्ल्याचा फेरविचार करायला ते सांगू शकतात. तिथे ‘मे’, म्हणजे मुभा. फेरविचारानंतर आलेल्या सल्ल्याला पुन्हा ‘शॅल’. तक्त्यानुसार राष्ट्रपतींना ‘विल’ लावायला हवं होतं!

‘मस्ट म्हणजे सक्ती, मस्ट नॉट म्हणजे सक्ती नाही.’

यातला दुसरा भाग धोक्याचा आहे. गोळीच्या पाकिटावर ‘यू मस्ट नॉट टेक धिस ऑन ॲन एम्प्टी स्टमक’ असेल, तर अर्थ ‘उपाशीपोटी नाही घेतली तरी चालेल’ असा नाही. उपाशीपोटी घ्यायचीच नाही. सक्ती नाही, हे सांगायला ‘डोन्ट हॅव टू’ किंवा ‘नीडन्ट’ आहे.

पहिला भागही अपुराच. खिडकीत दिवा दिसला की ‘ही मस्ट बी ॲट होम’ म्हणतात, त्यात सक्ती कसली? आपणही ‘तो घरी असला पाहिजे’ म्हणतोच की. भूतकाळात तर दोन अर्थांच्या वाटाच वेगळ्या होतात: जावं लागलं तर ‘हॅड टू गो’, गेला असणार तर ‘मस्ट हॅव गॉन’.

‘परवानगीला फक्त मे.’

वर्गाच्या दारातलं ‘मे आय कम इन’ आपल्या कानात इतकं बसलंय, की ‘कॅन आय’ उद्धट वाटतं. तसं ते नाही. मे जास्त औपचारिक, एवढाच फरक. उलट परवानगी देताना ‘यू मे गो’ म्हटलं, तर साहेबाने केबिनमधून घालवल्यासारखं वाटतं. पेपरात ‘फॉर्मल परमिशन’ असं लिहिलेलं असेल तर मे लिहा. दुकानात शर्ट घालून बघायचा असेल तर ‘कॅन आय ट्राय धिस ऑन?’ खुशाल विचारा.