नको म्हटलं तर नको

स्टुटगार्टमध्ये बसून मी आईच्या पाककृतींची एक छोटीशी वेबसाइट चालवतो. पाककृती एकूण सतरा. त्यातली कडबोळी अजून अर्धवट आहेत, कारण आईचं माप 'मावेल तेवढं पीठ' याच्या पुढे सरकत नाही. डोमेनचा खर्च निघावा म्हणून कडेला एक जाहिरात लावली. वर्षाची कमाई दोन कॉफ्या, त्याही बिनसाखरेच्या.

एक दिवस ऑफिसातल्या मित्राने विचारलं, "कुकीजचं काय केलंस?" मी म्हटलं, "नानकटाई आहे की, आठव्या नंबरला." त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. कुकी म्हणजे वेबसाइट पाहुण्याच्या फोनवर ठेवते ती छोटीशी नोंद, असं सांगून त्याने युरोपातला कायदा समजावला. पाहुण्याच्या फोनवर गरजेपेक्षा जास्त काही ठेवायचं असेल, तर आधी त्याला विचारायचं. दिलेला होकार त्याला मागे घेता आला पाहिजे, आणि तोही दिला तितक्याच सहज.

आता मी सांगलीचा. आमच्या पंगतीत 'नको' म्हणजे 'आणखी दोन'. ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून जिलबी पडते. आणि इकडे २०१९ च्या ऑक्टोबरात युरोपच्या न्यायालयाने निकाल दिलाय की आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे! पाहुणा बसायच्या आत पान वाढून ठेवायचं नाही. आमच्याकडे हा निकाल लागू झाला तर निम्मी लग्नं अवैध ठरतील.

तरी मी संस्कारांना जागून पाहुण्याची संमती विचारणारा फलक बनवला. केशरी रंगात ठसठशीत 'हो, आनंदाने'. खाली राखाडी रंगात, मुंगी दिसेल पण अक्षर दिसणार नाही अशा आकारात, 'इतर पर्याय'. मग वाचलं की नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्समध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड झालाय. दोन कॉफ्यांच्या जिवावर मी कुठवर लढणार? पाच मिनिटांत दोन्ही बटणं जुळी झाली.

तेवढ्यात फॉन्टचं प्रकरण कळलं. २०२२ च्या जानेवारीत म्युनिकच्या न्यायालयाने एका वेबसाइटवाल्याला शंभर युरो भरपाई द्यायला लावली, कारण त्याने फॉन्ट गूगलकडून थेट मागवले होते आणि त्यात पाहुण्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा नंबर, न विचारता तिकडे पोचला. यात तर कुकीचाही संबंध नव्हता. माझंही देवनागरी तिथूनच यायचं. लहानपणी अक्षर वाईट म्हणून मार खाल्ला. आता चांगलं आहे म्हणून दंड!

सगळ्यात मौज म्हणजे, एखाद्याने 'नको' म्हटलं तर त्याचं ते 'नको' लक्षात ठेवायलाही एक कुकीच ठेवतात. ती मात्र न विचारता चालते.

नवा फलक लावला आणि पाहुणे मोजणाऱ्या यंत्रात शुकशुकाट झाला. लोक येत असणार, पण मोजून घ्यायला कुणी राजी नव्हतं. आठवडाभरात एकच होकार, रोज सकाळी सातला, सांगलीहून.

आईला फोन केला.

"हो, मीच दाबते. रोज विचारतोस, मग नाही कसं म्हणायचं? पण एवढं काय रे रोज रोज विचारायचं?"

माझ्या कोडात चूक होती. फलक आदल्या दिवशीचं उत्तर विसरायचा.

ती दुरुस्त करण्यापेक्षा मी सगळंच काढून टाकलं. जाहिरात गेली, मोजणी गेली. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर आणून ठेवले. अनारशांचा व्हिडिओ जाऊन तिथे नुसती लिंक आली. आता विचारण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून फलकही उतरवला. त्या रात्री शांत झोपलो.

चौथ्या दिवशी सकाळी आईचा फोन.

"अरे, तुझं ते पान हल्ली काही विचारतच नाही. रागावलास का माझ्यावर?"